रद्दीत न जाणारे कागद

 

उमरेडला माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. मी कविता लिहितो हे खरं, पण घर कवितेवर चालत नाही, वह्या-पेनांवर चालतं. गावातल्या शाळांचं वर्ष कुठवर आलं, हे मला गिऱ्हाइकांच्या मागणीवरून कळतं. जूनच्या शेवटी वह्या आणि कव्हरं. ऑगस्ट लागला की ड्रॉईंगचे कागद. कुणी 'काका' म्हणतं, कुणी 'चाचा' म्हणतं, मागणी मात्र एकच. पाव इंपिरिअलचे दहा कागद, एक टू-बी पेन्सिल, एक फोर-बी, आणि पोस्टर कलरमधली पांढऱ्याची सुटी बाटली, कारण पांढरा आधी संपतो. ही सगळी तयारी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची. मग परीक्षा होते, दिवाळीची साफसफाई निघते आणि हेच कागद रद्दीच्या गठ्ठ्यातून माझ्याकडं परत येतात. जाड कागद असतो, पुडी बांधायला बरा पडतो, म्हणून किराणावाले तो आवडीनं नेतात.

त्या गठ्ठ्यांत पितळी तांबे असतात, अर्धी कापलेली पपई असते, पावसातला बसस्टँड असतो. कोपऱ्यात कुठं लाल शाईनं 'छान' लिहिलेलं असतं. चार महिने एखाद्या मुलीनं मान मोडून काढलेलं काम पाव किलो शेंगदाण्याभोवती गुंडाळलं जातं आणि संध्याकाळपर्यंत चुलीत जातं. आज मला या कागदांविषयी बोलायचं आहे. चित्रकला शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी या कागदांची किंमत काय, आणि ती आपण कशी घालवतो, एवढाच माझा विषय आहे.

आधी परीक्षेविषयी दोन शब्द, कारण आपल्या घरातलं मूल ती देतं तरी तीत काय असतं हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. शासकीय रेखाकला परीक्षा हे तिचं कागदोपत्री नाव. महाराष्ट्र शासनाचं कला संचालनालय ती घेतं. तिची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. आठवी-नववीतली मुलं साधारणपणे तिला बसतात. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. दोन दिवस, चार पेपर. इंटरमिजिएटला पहिल्या दिवशी स्थिरचित्र आणि स्मरणचित्र, दुसऱ्या दिवशी संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती, घनभूमिती व अक्षरलेखन. शेवटी अ, ब, क अशी श्रेणी.

ही परीक्षा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उलट, ज्यानं कुणी हे चार पेपर योजले त्याला मुलाचा हात आणि डोळा दोन्ही समजत होते, असं मला वाटतं. स्थिरचित्राचंच पाहा. समोर तांब्या, दोन कांदे आणि एक कापड मांडलेलं असतं. तांब्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, पण बसल्या जागेवरून ते लंबगोल दिसतं. मूल पहिल्यांदा गोलच काढतं, कारण ते डोळ्याऐवजी माहितीवर विश्वास ठेवतं. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसतं ते काढायला शिकणं, हा त्या पेपरचा खरा धडा. कविता लिहिणाऱ्यालाही हाच धडा गिरवावा लागतो. पावसाविषयी सगळ्यांना माहीत असलेलं लिहिलं तर ती कविता होत नाही.

स्मरणचित्रात समोर काहीच नसतं. बाजार, जत्रा, शाळेचं मैदान असा विषय देतात, आणि मुलाच्या डोळ्यांत जे साठलं असेल तेच कागदावर उतरतं. संकल्पचित्रात एखादं फूल, पान किंवा पक्षी घेऊन तो चौकोनात, वर्तुळात किंवा पट्टीत असा बसवायचा की जागा सांडूही नये आणि कोंबल्यासारखीही वाटू नये. आमच्या उमरेडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. इथल्या कोष्ट्यांनी विणलेल्या रेशमी काठाच्या धोतरांची नोंद इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये सापडते. काठ म्हणजे संकल्पचित्रच की. चार बोटांच्या पट्टीत एक नमुना पुन्हा पुन्हा यावा आणि तरी डोळ्याला कंटाळा येऊ नये.

मग तक्रार कशाची? तक्रार आहे आपण या परीक्षेचं जे करून ठेवलं त्याची. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्याला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. गुण मिळावेत, त्याला माझी ना नाही. पण घराघरांत हिशेब असा झाला की ड्रॉईंग म्हणजे सात मार्क. सात मार्क जमा झाले की ड्रॉईंगचं काम संपलं. माझ्या दुकानात नववीपर्यंत रंग घेणारी मुलं दहावीत फक्त गाईड घेतात आणि अकरावीनंतर त्यातली बहुतेक रंगांच्या कपाटाकडं पाहतही नाहीत.

आता जरा वर्षं मोजू या. इंटरमिजिएट होते नववीत. चित्रकलेच्या पदवीला, म्हणजे बी.एफ.ए.ला, प्रवेश मिळतो बारावीनंतर. त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे विषय असतात. म्हणजे नववीत जे केलं त्याचीच पुढची पायरी. पण मधली तीन वर्षं? चित्रकला हा विषय अकरावी-बारावीला घेता येतो, पण तालुक्याच्या गावात तो शिकवणारं कॉलेज सहजी सापडत नाही. मुंबई-पुण्याच्या मुलाला या तीन वर्षांत शिकवणी मिळते, प्रदर्शनं पाहायला मिळतात. नागपूरच्या मुलाला निदान शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या फाटकातून आत डोकावता येतं. उमरेड, भिवापूर, कुहीच्या मुलाचा हात मात्र तीन वर्षं रिकामा राहतो. मग ते एकदम प्रवेश परीक्षेला उभं राहतं आणि लोक म्हणतात, खेड्यातली मुलं कमी पडतात. त्यांची ती तीन वर्षं कोरी गेली, हे कुणी पाहत नाही.

या तीन वर्षांत काय करायचं, याचं एक उत्तर मला सुचतं. ते म्हणजे फोल्डर. कलेच्या जगात त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. शब्द मोठा वाटतो, पण वस्तू साधी आहे. आपण केलेल्या कामातलं निवडक काम, नीट जपून, एका क्रमानं ठेवलेलं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली स्थापन झाली. तिथं पदव्युत्तर शिक्षणाच्या मुलाखतीला गेलेल्या मुलासमोर परीक्षक हेच उघडून बसतात. जाहिरात कंपनी असो, कापडाचे नमुने करणारी गिरणी असो किंवा ॲनिमेशनचं ऑफिस असो, 'काय शिकलात' हे विचारण्याआधी 'काय केलंय ते दाखवा' असं म्हणतात.

अमेरिकेत शाळेच्या वरच्या वर्गांत चित्रकलेचा एक प्रगत अभ्यासक्रम आहे. कॉलेज बोर्ड नावाची संस्था तो चालवते. त्याची परीक्षा ऐकली तर आपल्याकडच्या मुलांना गंमत वाटेल. तिला परीक्षेचा हॉल नाही, तीन तासांचा पेपर नाही. २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून तिचं जे स्वरूप ठरलं, त्यात विद्यार्थी आपल्याच मनातला एक प्रश्न धरून वर्षभर त्यावर काम करतो आणि त्या शोधाच्या १५ प्रतिमा पाठवतो. शिवाय आपली सर्वांत चांगली अशी ५ कामं वेगळी द्यायची. त्या पंधरांमध्ये नुसती पूर्ण झालेली चित्रंच असावीत असं नाही. कच्ची रेखाटनं, फसलेला प्रयत्न, त्यात केलेली दुरुस्ती, हेही चालतं. तीत गुण मिळतात ते या वाटचालीला, आणि तीवर थोडक्यात लिहावंही लागतं.

तिकडचं सगळं चांगलं आणि आपलं टाकाऊ, असं मला म्हणायचं नाही. त्या परीक्षेची फी आपल्या मुलाला परवडायची नाही. पण तिच्यातली एक गोष्ट फुकट आहे आणि ती उमरेडमध्येही करता येते. एक विषय धरायचा, त्याच्याकडं वर्षभर पाहत राहायचं आणि केलेला कागद टाकायचा नाही.

माझ्या ओळखीची एक मुलगी सध्या बारावीत आहे. नाव सांगत नाही. वडील शिंपी, आई हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर जाते. नागपूर-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो, सातरा म्हणजे मिरची वाळवायची, निवडायची जागा. भिवापूरची मिरची तुम्ही ऐकून असाल, तिचा हा सगळा पट्टा. लाल मिरचीच्या ढिगाभोवती बायका बसतात आणि एकेक मिरचीचं देठ खुडतात. तिखटाची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला ओढणी नाहीतर पदर गुंडाळलेला असतो. माणूस म्हणून दिसतात ते फक्त डोळे आणि हात.

या मुलीला इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली होती. सात मार्क मिळाले, दहावी झाली. तिच्या शाळेतल्या ड्रॉईंगच्या सरांनी मात्र तिला जाता जाता एक सांगितलं, "बेटा, महिन्याला दोन चित्रं काढ आणि तारीख घालून ठेव. कुणाला दाखवू नकोस हवं तर." तिनं ते पाळलं. आईला डबा द्यायला जायची तेव्हा ती सातऱ्यावर बसून हात काढायची. पहिल्या कागदांतले हात मी पाहिले आहेत. पाच बोटं, पाच काकड्या. दहा-बारा कागदांनंतर बोटांना पेरं आली. मग नखांच्या कडेला बसलेली लाली आली. पुढं एका म्हातारीचा अंगठा आला. वर्षानुवर्षं देठ खुडून तो एका बाजूला वळलेला आहे. तो अंगठा पाहिल्यावर मी बराच वेळ दुसरा कागद उलटला नाही. दोन वर्षांत जवळपास पन्नास कागद झाले. त्यात एकही चित्र कॅलेंडरवरून किंवा मोबाईलवरच्या फोटोवरून उतरवलेलं नाही.

यंदा तिनं घरी सांगितलं की मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं आहे. वडील माझ्याकडं आले. मी पेपरात लिहितो, बी.ए. झालेलो आहे, म्हणून मोहल्ल्यातली माणसं असल्या कामाला माझ्याकडं येतात. आमचं बोलणं घरच्या बोलीत झालं, तुम्हाला मराठीत सांगतो.

ते म्हणाले, "भाईजान, तुम्ही तिला समजवा. चित्रं काढून पोट भरतं का?"

मी म्हटलं, "मास्टर, तुम्ही कापडावर खडूनं रेघ मारता. ती रेघ चुकली तर काय होतं?"

"कापड वाया जातं."

"ती रेघ मारायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

"उस्तादाकडं पाच वर्षं. पहिलं वर्ष तर नुसता खाका कापत होतो. कागदाचा."

"ते कागद उस्तादानं फेकले का?"

ते हसले. म्हणाले, "नाही. खिळ्याला टांगलेले असायचे. कुणाचं माप आलं की त्यातलाच काढायचा."

मी म्हटलं, "तुमच्या मुलीनं पन्नास खाके कापून ठेवलेत. ते तुम्ही पाहिलेत का?"

त्यांनी पाहिले नव्हते. मुलीनं दाखवले नव्हते, आणि त्यांनी मागितले नव्हते. आपल्याकडं बहुतेक घरांत असंच असतं. मुलाची गुणपत्रिका बाप दहादा पाहतो, पण त्याच्या चित्रांचा गठ्ठा उघडत नाही.

त्यांची दुसरी अडचण त्यांनी जरा आवाज खाली करून सांगितली. घरात म्हातारी दादी आहे. तिचं म्हणणं, जिवंत प्राण्याचं चित्र काढणं आपल्यात बरं नाही. श्रोतेहो, ही गोष्ट आमच्या समाजात अनेक घरांत निघते, म्हणून मी ती टाळणार नाही. जाणत्यांचीही यावर वेगवेगळी मतं आहेत, आणि मी काही आलिम नाही. पण दादीला मी एवढं सांगू शकलो की ज्या परीक्षेत नातीला अ श्रेणी मिळाली तिचा एक सबंध पेपर भूमिती आणि अक्षरलेखनाचा आहे. आपल्या मशिदींच्या जाळ्या, कमानी आणि भिंतीवरची सुलेखनाची अक्षरं ज्या हातांनी घडवली, ते हात हाच पेपर शिकले होते. मुलगी कुठल्या वाटेनं जाईल हे पुढं ठरेल. वाटा एकाहून अधिक आहेत.

आणि नावं घ्यायची तर लांब जायला नको. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या जंगलातल्या गावचा. वडील वनखात्यात. तेव्हा तो सगळा मुलूख मध्य प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी होती. रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि १९५० साली फ्रान्सला. शाळेत असताना त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नसे, तेव्हा एका गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडं पाहत बसायला सांगितलं होतं, अशी आठवण ते सांगत. पुढं बिंदू हाच त्यांच्या चित्रांचा विषय झाला आणि त्यांनी तो कित्येक वर्षं सोडला नाही. एक विषय धरून राहणं म्हणतात ते हेच. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत त्यांचा हात तयार झाला. १९४७ साली मुंबईत जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला त्यात हे दोघे होते, आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडेही होते. तेव्हा जंगलातून, तीर्थक्षेत्रातून, वऱ्हाडातल्या गावातून माणसं चित्रकलेत गेली आहेत. उमरेडहून जायला काय हरकत आहे?

पोट भरतं का, या प्रश्नाला मात्र गोड बोलून बगल देणं बरोबर नाही. मी मास्टरांना खरं तेच सांगितलं. चित्रं विकून जगणारी माणसं थोडी आहेत. कलाशिक्षकाची कायम नोकरी पूर्वी हक्काची वाट होती, ती आता अरुंद झाली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तिथं कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला. अंशकालीन म्हणजे अर्धा वेळ आणि त्या मानानं पगार. लहान शाळेला तोही नाही. मग गणिताचे नाहीतर पी.टी.चे सरच ड्रॉईंगचा तास घेतात. पण उपयोजित कला, कापडावरची नक्षी, पुस्तकांची मांडणी, जाहिरात, ॲनिमेशन, अंतर्गत सजावट, अशी कामं आहेत आणि त्यांना सरावलेला हात लागतो. श्रीमंतीचं वचन कुणी देऊ शकत नाही. मात्र ज्यांनी मुलाचा कल मोडून त्याला दुसरीकडं घातलं त्यांनाही ते वचन कुठं मिळालं आहे?

मास्टरांनी काय ठरवलं, असं तुम्ही विचाराल. अजून काही ठरलेलं नाही. पण परवा ते दुकानात आले आणि मुलीसाठी अर्धा इंपिरिअल मावेल एवढं फोल्डर आहे का, असं विचारलं. तेवढं मोठं माझ्याकडं नव्हतं. त्यांनी घरी जाऊन जुन्या कोटाचं अस्तर लावून स्वतःच एक शिवलं. प्रवेश परीक्षेचा अर्ज मुलगी भरते आहे. निकाल काहीही लागो, बापानं ते पन्नास कागद एकदा पाहिले, हे मला मोठं वाटतं.

आता ज्या घरांत असं मूल आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. मी चित्रकार नाही. पण वर्षानुवर्षं चित्रकलेच्या सरांशी गप्पा मारून आणि मुलांचं काम पाहून हे गोळा झालं आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक कागदाच्या मागं पेन्सिलीनं तारीख लिहा. सहा महिन्यांनी दोन कागद शेजारी ठेवले की हात कुठून कुठं आला ते दिसतं. मुलाला धीर येतो तो यातून. कुणाच्या शाबासकीनं तेवढा येत नाही.

दुसरी, पाहून पाहून काढायचं, छापलेल्यावरून नाही. फोटोत सावली कुठं पडावी हे कॅमेऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं, मुलाला ठरवायला काही उरत नाही. आपल्याकडं पाहण्यासारखं कमी आहे असं कुणी म्हणू नये. वेकोलिच्या उघड्या खाणीच्या पायऱ्या पाहा. एकीखाली एक उतरत गेलेल्या त्या आडव्या रेघा म्हणजे यथार्थदर्शनाचा तयार धडा आहे. कोळशाचे ट्रक आहेत, हातमाग आहेत, आठवडी बाजार आहे. नागपूर-नागभीडची छोटी लाईन २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, ती गाडी ज्या मुलांनी पाहिली आहे त्यांनी ती स्मरणचित्रात काढून ठेवावी. मोठ्या शहरातल्या मुलाजवळ हे विषय नाहीत. परीक्षकानं त्या दिवशी शंभर फुलदाण्या पाहिलेल्या असतात. त्यानंतर एक देठ खुडणारा हात आला तर तो थांबतो.

तिसरी, सगळं घालू नका. पन्नासातून पंधरा-वीस निवडा. सर्वांत चांगलं आधी, त्याच्या खालोखाल चांगलं शेवटी. मधे दोन-तीन कच्ची रेखाटनंही राहू द्या, म्हणजे विचार कसा चालला ते कळतं. निवड मुलानं स्वतः करावी आणि हे का घेतलं, ते का वगळलं, हे त्याला दोन वाक्यांत सांगता यावं. मुलाखतीत विचारतात ते हेच. दुसऱ्याकडून काढून घेतलेलं चित्र त्या दोन वाक्यांत उघडं पडतं.

चौथी, जपणूक. चित्र गुंडाळून ठेवू नका, सपाट ठेवा. पेन्सिलीच्या कामावर साधा पातळ कागद ठेवा, नाहीतर शिसं पुसतं. लॅमिनेशन करू नका, चमक येते आणि खरा रंग दिसत नाही. मोबाईलनं फोटो घ्यायचा तर सकाळच्या उजेडात, सावलीत, कागदाच्या अगदी समोरून घ्या. आजकाल अनेक ठिकाणी आधी फोटोच मागतात. वाळवी आणि पाऊस या दोघांपासून कागद वाचवा. आमच्याकडं दोघांचाही जोर असतो.

हे सगळं मिळून खर्च किती? महिन्याला चार कागद आणि दोन पेन्सिली. एका वेळच्या चहा-नाश्त्याचे पैसे.

शाळांकडं माझी एक मागणी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की कला आणि इतर विषय यांच्यात भिंत नको. भिंत पाडायला वेळ लागेल. तोवर एक कपाट द्या. नववीनंतर ज्या मुलाला चित्रं काढत राहायचं आहे त्याचं फोल्डर त्या कपाटात राहू द्या, आणि महिन्यातून एक शनिवार ड्रॉईंगच्या सरांना त्या मुलांबरोबर बसू द्या. निवृत्त कलाशिक्षक गावोगाव आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही म्हणून ते घरी बसून आहेत. बोलावलंत तर ते चहावर येतील.

आणि तुम्ही, माझे श्रोते. येत्या दिवाळीला माळा साफ करताना ड्रॉईंग पेपरचा गठ्ठा हाताशी आला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तो एकदा उघडा. मुलाला शेजारी बसवा आणि विचारा, यातलं कुठलं ठेवू? ते ज्या कागदावर बोट ठेवेल तो बाजूला काढा. बाकीचे खुशाल द्या. पुडीला कागद लागतोच, आणि शेवटी माझाही तो धंदा आहे.